आइन्स्टाइन गणितात नापास झाले नव्हते

निकालाच्या दिवसांत खचलेल्या मुलांना ‘आइन्स्टाइनही गणितात नापास झाला होता’ असे हमखास सांगितले जाते. त्यामागची माया मोलाची आहे, पण दाखला खरा नाही. १८९५ मध्ये, सोळाव्या वर्षी, झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशपरीक्षेत ते इतर विषयांत कमी पडले, गणित आणि भौतिकशास्त्रात मात्र चमकले. मग स्वित्झर्लंडमधल्याच आराउ गावच्या शाळेत त्यांनी वर्षभर अभ्यास केला. तिथल्या १८९६ च्या प्रमाणपत्रावर बीजगणित आणि भूमितीपुढे ६, म्हणजे सर्वोच्च श्रेणी आहे, तर फ्रेंचपुढे ३. मुळात बाराव्या वर्षी हाती आलेल्या भूमितीच्या एका लहानशा पुस्तकातील सिद्धतांनी त्यांना असे वेड लावले, की सोळाव्या वर्षापर्यंत कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) मूलतत्त्वेही त्यांनी आत्मसात केली.