गजकर्ण लागतं, सोरायसिस लागत नाही

गजकर्ण, म्हणजे नायटा, ठाणेकरांना शिकवायला नको. पावसाळा, लोकलची गर्दी, अर्धवट वाळलेली जीन्स, की जांघेत गोल चट्टा उठलाच. बुरशीचा संसर्ग, टॉवेलमधून घरभर फिरतो.

मला आहे तो सोरायसिस. त्याचे चट्टे जाडसर, वर चंदेरी खपल्या, बहुधा कोपर, गुडघे, डोक्यात. शंका आलीच तर डॉक्टर खपली खरवडून बुरशी आहे का ते तपासतात. दिसण्यातले बाकी फरक त्यांच्यावर सोडा.

माझा जीव ज्याने मेटाकुटीला आलाय तो फरक वेगळाच. सोरायसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शिवून नाही, टॉवेलने नाही, एका ताटात जेवूनही नाही. त्यात जंतूच नसतो. आपलीच प्रतिकारशक्ती बिथरते आणि महिनाभरात बदलणारी कातडी चार-पाच दिवसांत बदलू लागते. जुन्या पेशी गळायच्या आत नव्या वर येतात, त्यांच्या खपल्या होतात. एवढंच.

तरी ठाणे-वाशी लोकलमध्ये मी चौथ्या सीटवर टेकले की तिसरी उठते. मग मेमध्येही लांब बाह्या, हळदीकुंकवाला दांडी, रात्री झोप नाही. वर सल्ला, ‘टेन्शन घेतेस म्हणून होतं.’ ताणाने सोरायसिस उसळतो, खरंय. पण माझा ताण कुठून आला हे त्या उठून गेलेल्या बाईला विचारा ना!

आणि कृपा करून आपली ट्यूब मला देऊ नका, माझी मागू नका. माझ्या मलमात स्टेरॉइड आहे. गजकर्णावर ते लावलं की लाली उतरते आणि आत बुरशी मजेत पसरते. मलाही ते मोजूनच लावायचं असतं, नाहीतर कातडी पातळ होते. मेथोट्रेक्सेट ही सोरायसिसवरची गोळी तर आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतते.

गजकर्ण नीट औषधाने बरं होतं. सोरायसिस आटोक्यात राहतो, पुन्हा डोकं वर काढतो. ‘मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. चट्टे परतले की पेशंटला वाटतं, आपलंच काही चुकलं.

मानसोपचाराचं नाव काढलं की इथे ‘ठाण्याला भरती करा’ हा १९०१ सालच्या मनोरुग्णालयाएवढाच जुना विनोद होतो. होऊ दे. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं. त्वचेच्या डॉक्टरांनाही मी झोपेचं सांगते, त्यांनी विचारलं नाही तरी.