ओआरएस की इलेक्ट्रोलाइट ड्रिंक? लहानग्याला घेऊन उष्ण देशात जाताना

दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन फुकेत, बाली किंवा श्रीलंकेच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं की औषधांच्या यादीत ‘ओआरएस’ हमखास असतं. घोळ होतो तो खरेदीत. मेडिकलमध्ये मागितलं की कधी पांढऱ्या पावडरची पुडी मिळते, कधी संत्र्याच्या नाहीतर सफरचंदाच्या चवीचा टेट्रापॅक. दोन्ही एकाच काउंटरवर, दोन्हींवर ‘इलेक्ट्रोलाइट’ (म्हणजे क्षार) छापलेलं. आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘टेट्रापॅक घे, तो पितो तरी.’ पितो हे खरं. पण जुलाब लागले असताना पुडीचं पाणी त्याला सावरतं, आणि गोड ड्रिंकने जुलाब वाढू शकतात.

फरक आहे तो मीठ आणि साखरेच्या प्रमाणात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. यातलं ग्लुकोज ताकद यावी म्हणून घातलेलं नसतं. लहान आतड्याच्या भिंतीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी वाट असते आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत जातं. बहुतेक जुलाबांत इतर वाटा बिघडल्या तरी ही चालू राहते. म्हणून ओआरएसमध्ये दोघांचं प्रमाण सारखं ठेवलेलं आहे, लिटरला ७५-७५ मिलिमोल (हे वजन नव्हे, कणांची मोजणी). १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडू लागलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. त्यामागचं तत्त्व हेच.

आता टेट्रापॅकचा किंवा खेळाडूंच्या बाटलीचा मागचा भाग वाचा. ओआरएसच्या १०० मिलीमध्ये सोडियम साधारण १७० मिलिग्रॅम आणि ग्लुकोज १.३५ ग्रॅम असतं. खेळाडूंच्या ड्रिंकमध्ये सोडियम बहुधा ५० मिलिग्रॅमच्या आसपास आणि साखर सहा ग्रॅमच्या पुढे. फळांच्या चवीच्या काही टेट्रापॅकमध्ये साखर याहूनही जास्त. म्हणजे मीठ एक तृतीयांशाच्या आतबाहेर आणि साखर चौपट किंवा अधिक. ही जास्तीची साखर आतड्यात शोषली न जाता मागे उरते आणि शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेते. शी आणखी पातळ होते, आणि आपल्याला वाटतं, एवढं पाजूनही थांबत का नाही! संघटनेचं स्वतःचं जुनं सूत्रही यापेक्षा दाट होतं. त्यातलं मीठ आणि ग्लुकोज कमी केल्यावर मुलांच्या जुलाबाचं आणि उलट्यांचं प्रमाण घटलं, म्हणूनच २००२ मध्ये ते बदललं. बाटलीबंद ज्यूस आणि कोलालाही साखरेचा हाच नियम लागू. ग्लुकोजच्या पावडरीत तर सोडियम जवळजवळ नसतंच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी.

दुकानात ओळखायचं कसं? चव, रंग, पुडी की टेट्रापॅक, यावर जाऊ नका. खरं ओआरएससुद्धा संत्र्याच्या चवीचं असतं आणि तयार द्रावणाच्या टेट्रापॅकमध्येही मिळतं. खरं ओआरएस हे औषध आहे. त्यावर ‘ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स आय.पी.’ असं लिहिलेलं असतं, औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असतो आणि वर सांगितलेले चार घटक ग्रॅममध्ये दिलेले असतात. त्याऐवजी एफएसएसएआयचं (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह, १४ आकडी परवाना क्रमांक आणि कॅलरींचा तक्ता दिसला, तर ते खाद्यपेय आहे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या नावांच्या गोंधळाविरुद्ध वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द पुढेमागे काही जोडूनही वापरायला मनाई केली. त्याआधी ‘हे ओआरएस नव्हे’ अशा बारीक अक्षरातल्या खुलाशावर निभावत होतं.

हा नियम भारतापुरता. थायलंडमध्ये तर गोंधळ शेजारी शेजारीच मांडलेला असतो: जुलाबासाठीची क्षारांची पुडी ‘ओआरएस’ आणि घाम गाळणाऱ्यांसाठीची जास्त साखरेची पुडी ‘ओआरटी’, दोन्ही सारख्याच दिसणाऱ्या. तिथे फार्मसिस्टला ‘इलेक्ट्रोलाइट’ मागू नका, मुलाला जुलाब होताहेत असं सांगा. इंडोनेशियात ‘ओरालित’ म्हणा, कुठल्याही औषधाच्या दुकानात समजतं. श्रीलंकेत ‘जीवनी’. बालीत कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणारं पोकारी स्वेट मात्र खेळाडूंच्या जातीतलं.

तरीही भरवसा ठेवावा तो घरून नेलेल्या पुड्यांवर. पुड्या २०० मिलीच्या घ्या, एक लिटरच्या नकोत. याचं कारण पाण्याच्या बाटलीत आहे. थायलंड आणि इंडोनेशियात हॉटेलात मिळणारी बाटली बहुधा ६०० मिलीची किंवा दीड लिटरची असते. एक लिटरची पुडी दीड लिटरमध्ये टाकली तर द्रावण पातळ होऊन त्याचा उपयोग कमी होतो. आणि ती पेलाभर पाण्यात कालवली, तर मीठ पाचपट होतं. ही चूक जिवावर बेतू शकते, कारण रक्तातलं सोडियम एकदम वाढलं तर मुलाला झटके येऊ शकतात. ‘थोडं पितोय तर थोडीच पावडर टाकू’ हा हिशेबही चुकीचा, कारण पुडीत चारही घटक एकसारखे मिसळलेले राहतीलच असं नाही. २०० मिलीची अख्खी पुडी फोडायची, मिलीच्या खुणा असलेल्या दुधाच्या बाटलीत सीलबंद पाणी मोजून घ्यायचं आणि पावडर त्यात पूर्ण विरघळवायची. हॉटेलातल्या पेल्याला माप मानू नका. दूध, ज्यूस, सोडा किंवा शहाळ्याच्या पाण्यात कालवू नका, वरून साखर घालू नका, कालवल्यावर उकळू नका. फ्रिजमध्ये गार केलेलं चालतं, मुलं ते जास्त सहज पितात. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या.

आठ-दहा पुड्या एका झिप पिशवीत, केबिन बॅगेत. सामानात टाकलेली बॅग एक दिवस उशिरा पोचू शकते, जुलाब तिच्यासाठी थांबत नाहीत. पावडरीला द्रवपदार्थांची १०० मिलीची अट नाही, २०० मिलीचा टेट्रापॅक मात्र सुरक्षा तपासणीत अडकू शकतो. दमट हवेत गोळा झालेली किंवा रंग बदललेली पुडी फेका. निघण्याआधी मुलाचं वजन करून लिहून ठेवा, पुढचे सगळे डोस त्यावर चालतात.

पाजताना घाई नडते. प्रत्येक पातळ शी झाल्यावर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यावरच्याला १०० ते २०० मिली. बाटलीने घटाघटा नको, चमच्याने एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, या वेळी आणखी सावकाश. डोळे खोल गेलेत, मूल किरकिरं झालंय आणि पाण्यासाठी हपापल्यासारखं करतंय, तर पाणी बरंच कमी झालंय. तेव्हा किलोमागे ७५ मिली चार तासांत द्यायचं असतं, १२ किलोच्या मुलाला ९०० मिली. पण हे हॉटेलच्या खोलीत एकट्याने करायचं काम नाही, डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावं.

अंगावरचं दूध, वरणभात, भाताची पेज, केळं, ताजं दही चालू ठेवा. पोटाला विश्रांती म्हणून उपास घडवला तर आतडं सावरायला उशीरच होतो. ‘दात येताहेत म्हणून होतंय’ हे ऐकून दोन दिवस वाट पाहणं तर नकोच. मोठ्यांच्या पाउचमधली लोपेरामाइडची (जुलाब थांबवणारी) गोळी लहानग्याला कधीही देऊ नका. ओआरएस दिल्यावर शी लगेच थांबत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं. ते जाणारं पाणी भरून काढतं. मूल शू करतंय, खेळतंय, तर ते काम करतंय.

मग इलेक्ट्रोलाइट ड्रिंक कुणासाठी? उन्हात दोन तास सायकल हाणणाऱ्या बाबांसाठी. वाळूत खेळून घामेजलेल्या, पोट ठीक असलेल्या मुलाला साधं पाणी, दूध आणि नेहमीचं जेवण पुरतं, शहाळं आवडत असेल तर तेही. उलट बाजूची चूकही दिसते: ‘उकडतंय ना’ म्हणून दिवसभर पाण्याऐवजी ओआरएसच देत राहणं. जुलाब-उलटी नसताना त्याची गरज नाही. पुडी संपली आणि दुकान बंद असेल, तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा चमचा. चमचा पाच मिलीचा, सपाट भरलेला. शिगोशीग भरला तर मीठ सहज जास्त होतं.

शीमध्ये रक्त, सहा ते आठ तास कोरडा डायपर, रडताना अश्रू नाहीत, काहीच पीत नाही, प्रत्येक घोट उलटतोय, किंवा मूल सुस्त पडलंय आणि हाक मारूनही नीट बघत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी चमचा बाजूला ठेवा आणि हॉस्पिटल गाठा. निघताना पुडीचं रिकामं पाकीट सोबत घ्या. किती वेळा शी झाली, किती मिली पोटात गेलं, शेवटची शू कधी, आणि लिहून ठेवलेलं वजन, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.

ओआरएसच्या जोडीला झिंकही लागतं, तेव्हा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून त्याची चिठ्ठी आधीच घेऊन ठेवा. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. सिरपची बाटली प्रवासात गळते, पाण्यात विरघळणाऱ्या २० मिलिग्रॅमच्या १४ गोळ्या सोयीच्या. शी तिसऱ्या-चौथ्या दिवशी घट्ट झाली तरी उरलेल्या गोळ्या घरी परतल्यावर पूर्ण करायच्या असतात.