पिकअपमधील ड्राइव्ह मोड

ड्राइव्ह मोड म्हणजे बटण दाबून किंवा खटका फिरवून गाडीच्या इंजिनाचा, गियरबॉक्सचा आणि काही गाड्यांत चारही चाकांच्या ओढीचा स्वभाव बदलण्याची सोय. पुढे केबिन आणि मागे हौदा असलेल्या हलक्या मालवाहू गाडीत, म्हणजे पिकअपमध्ये, ही सोय आता सर्रास दिसते. इको, नॉर्मल आणि पॉवर ही तिची नेहमीची नावे. मराठीत या विषयाची एक गंमत आहे. गाडीलाही पिकअप म्हणतात आणि तिच्या उसळीलाही. ‘इको लावला की पिकअपला पिकअप राहत नाही’ हे वाक्य कोणत्याही ड्रायव्हरला समजावून सांगावे लागत नाही. या नोंदीचा निम्मा विषय त्या वाक्यात आला, उरलेला निम्मा ॲव्हरेजचा आहे.

मोड नेमके काय बदलतो

जुन्या डिझेल गाड्यांत पायाखालच्या पेडलपासून इंधनपंपापर्यंत एक तार किंवा दांडी जात असे. पाय जेवढा दाबला जाई तेवढे डिझेल इंजिनात जाई. अशा गाडीत मोडला जागाच नव्हती. कॉमन रेल इंजिने, म्हणजे एकाच उच्चदाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल देणारी इंजिने आली, पेडलखाली तारेऐवजी सेन्सर बसला आणि पाय व इंजिन यांच्यामध्ये संगणक आला. आता पाय फक्त मागणी नोंदवतो. किती डिझेल सोडायचे ते संगणक ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून भारतात धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर लहान मालवाहू गाड्यांतही इंधनावर असे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नेहमीचे झाले.

मोड बदलला की संगणक पेडलचा वेगळा तक्ता वापरू लागतो. समजण्यापुरते उदाहरण घ्यायचे तर, पेडल निम्मे दाबले असता नॉर्मलमध्ये इंजिन निम्मा जोर देत असेल, तर इकोमध्ये एक तृतीयांश देईल आणि पॉवरमध्ये दोन तृतीयांश. इंजिन तेच, डिझेलही तेच. म्हणून ‘पॉवर मोडने गाडीची ताकद वाढते’ हे म्हणणे बहुतेक गाड्यांच्या बाबतीत खरे नसते. ताकद पायाला लवकर सापडते, इतकेच.

इको मात्र दोन जातींचा असतो आणि हा फरक खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. पहिल्या जातीत फक्त तक्ता मऊ होतो. पेडल तळापर्यंत दाबले की पूर्ण जोर मिळतो. दुसऱ्या जातीत जोरालाच वरून कुलूप लागते आणि पाय कितीही दाबला तरी इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे जात नाही. आपली गाडी कोणत्या जातीची ते भरल्या गाडीने एखादा मोकळा चढ चढताना कळते. पेडल तळाला असताना इकोतून नॉर्मलवर आल्यावर गाडीने उसळी घेतली, तर कुलूप होते.

ऑटोमॅटिक गियर असलेल्या गाडीत मोड गियर बदलण्याची वेळही ठरवतो. इकोमध्ये वरचा गियर लवकर पडतो, पॉवरमध्ये खालचा गियर जास्त वेळ धरला जातो. काही गाड्यांत इको लावल्यावर एसीचा जोरही कमी होतो. मॅन्युअल गाडीत संगणकाला गियर बदलता येत नाही, म्हणून तो सल्ला देतो. टाटा इंट्रामध्ये इको मोडच्या जोडीला गियर कधी बदलावा हे पडद्यावर सुचवणारी सोय दिली आहे. मोडपेक्षा हा सल्ला ऐकण्यात जास्त पैसा वाचतो असे म्हणायला जागा आहे, कारण तीच ताकद इंजिनाने कमी फेऱ्यांत आणि जास्त जोरात दिली तर घर्षणात वाया जाणारा वाटा घटतो. याचा अतिरेक मात्र नको. चढावर टॉप गियरमध्ये इंजिन घरघरू लागले, गाडी थरथरू लागली, तर तेथे बचत संपून क्लच आणि इंजिनाचे हाल सुरू झालेले असतात.

पूर्वपीठिका

ऑटोमॅटिक गियरबॉक्सला ‘पॉवर’चे बटण देण्याची पद्धत जपानी गाड्यांत १९८०च्या दशकात रूढ झाली. अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर, बोट किंवा घोड्यांची गाडी जोडण्याची रीत आहे. तेथे जनरल मोटर्सने १९९९ सालच्या सिल्व्हराडो मालिकेत ‘टो-हॉल’ (ओढणे-वाहणे) हे बटण दिले. ते दाबले की गियर उशिरा बदलतात. पुढे आलेल्या गाड्यांत उतारावर गाडी स्वतःहून खालचा गियर घेऊन इंजिनाचा ब्रेकही लावते, म्हणजे इंजिनाच्या विरोधानेच वेग रोखते. २००४ साली लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी ३ मध्ये ‘टेरेन रिस्पॉन्स’ आले. चिखल, वाळू, खडक असे रस्त्याचे चित्र निवडायचे आणि बाकी सगळे गाडीने जुळवून घ्यायचे, ही कल्पना पुढे पिकअपमध्येही उतरली. आजच्या फोर्ड एफ-१५० मध्ये इको, स्पोर्ट, टो-हॉल यांच्याबरोबर निसरडा रस्ता, खोल बर्फ, चिखल यांचेही मोड आहेत.

भारतात ही कल्पना ट्रकवाल्यांना आधी भेटली. महिंद्राने २०१६ मध्ये आणलेल्या ब्लाझो या अवजड ट्रकमध्ये ‘फ्युएलस्मार्ट’ नावाने टर्बो, हेवी आणि लाइट असे तीन मोड होते. ‘जास्त ॲव्हरेज मिळवा, नाहीतर ट्रक परत द्या’ अशी हमीही कंपनीने त्याच वेळी दिली होती. नावांकडे लक्ष दिले तर कळते की येथे मोड ड्रायव्हरच्या मनःस्थितीवर नाही, गाडीतल्या मालावर बेतला आहे. पिकअपसाठी हाच विचार अधिक शहाणपणाचा आहे. ‘स्पोर्ट’ हे नाव टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या गाडीला शोभतही नाही.

इंधनखर्च

मोडने किती डिझेल वाचते, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. डिझेल कशावर खर्च होते ते पाहिले की कारण कळते.

पिकअप पूर्ण भरली की तिचे एकूण वजन तीन टनांच्या आसपास जाते. खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्याला येताना ही गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर उचलली जाते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि इंजिन तिचा जेमतेम ३५ टक्के भाग कामाला लावते. हिशेब केला तर केवळ उंची चढण्यासाठी सव्वा लिटरहून थोडे जास्त डिझेल लागते. लिटरला ९० रुपये धरले, तर घाटाचे भाडे सुमारे ११५ रुपये. हवेचा आणि टायरचा विरोध त्याहून वेगळा. इको लावा, पॉवर लावा, हे ११५ रुपये द्यावेच लागतात. उलट भरल्या गाडीला इकोमध्ये चढ सोसत नाही म्हणून ड्रायव्हर पेडल आणखी दाबतो, संगणक तेवढेच डिझेल सोडतो आणि बचत शून्यावर येते. जोराला कुलूप असलेला इको असेल तर गाडी दुसऱ्या गियरमध्ये रखडते आणि खर्च वाढूही शकतो.

आता दुसरी बाजू. तीच तीन टनांची गाडी ताशी ६० किलोमीटरवर आणायला, फक्त वेग देण्यासाठी, सुमारे ३३ मिलिलिटर डिझेल जाते. ब्रेक मारून ती थांबवली की तीन रुपये ब्रेकच्या पट्ट्यांत जळाले. दिवसात असे दहा नाहक ब्रेक म्हणजे तीस रुपये. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना पाय उचलणारा ड्रायव्हर हे पैसे वाचवतो. इको मोड एवढेच करतो की पेडलला मऊ करून घाईच्या पायाला थोडी लगाम घालतो. म्हणून त्याचा गुण शहरात, थांबत-निघत जाणाऱ्या वाटेवर आणि तापट ड्रायव्हरच्या हातात जास्त दिसतो. आधीच हलक्या पायाने चालवणाऱ्याला बटणाने फारसा फरक पडत नाही.

तिसरा खर्च वाऱ्याचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेले की दर किलोमीटरला वाऱ्याशी झगडण्याचे काम जवळजवळ पावणेदोन पट होते. हौद्यावर उंच ताडपत्री फडफडत असेल तर आणखी. येथे मोडचा काहीच उपयोग नाही, कारण एका स्थिर वेगाने धावताना इको आणि नॉर्मल दोघांनाही तितकाच जोर द्यावा लागतो. भारतात मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर, म्हणजे त्यापुढे वेग जाऊ न देणारे यंत्र, लागतो, तेव्हा पॉवर मोड लावून पिवळ्या पाटीच्या पिकअपचा कमाल वेग वाढत नाही. त्या ८० पर्यंत ती लवकर पोहोचते आणि लवकर पोहोचण्याचे बिल येते.

यातून एक उलटा वाटणारा निष्कर्ष निघतो. अनेक मालक भरल्या गाडीला इको लावायला सांगतात आणि परतीच्या खाली गाडीकडे दुर्लक्ष करतात. खरे तर रिकाम्या गाडीतच जोर वरकड असतो आणि तोच उधळला जातो. नाशिकहून कसारा घाट उतरून वाशीच्या बाजारात भाजी टाकायची आणि रात्री रिकाम्या हौद्याने परतायचे, अशा फेरीत इकोची जागा परतीच्या सपाट रस्त्यावर आहे.

पैशांत मोजायचे तर धरू की गाडी रोज १२० किलोमीटर धावते आणि लिटरला १२ चा ॲव्हरेज देते. म्हणजे रोज १० लिटर, ९०० रुपये. मोडमुळे आणि त्याने लागलेल्या सवयीमुळे पाच टक्के वाचले असे मानले, तर दिवसाला ४५ रुपये. वर्षात ३०० दिवस धंदा झाला तर १३,५०० रुपये. पाच टक्के हा येथे केवळ हिशेबासाठी धरलेला आकडा आहे. ॲव्हरेजच्या बोलण्यात आणखी एक फसगत होते: १० चा ॲव्हरेज ११ झाला तर शंभर किलोमीटरला ०.९ लिटर वाचते, पण १५ चा १६ झाला तर फक्त ०.४ लिटर. कमी ॲव्हरेज देणाऱ्या जड गाडीत एका किलोमीटरची सुधारणा दुपटीहून जास्त मोलाची असते.

उतार आणि न्यूट्रल

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय डिझेल वाचवण्याच्या समजुतीतून आली आहे. इलेक्ट्रॉनिक इंधननियंत्रण असलेल्या गाडीत ती समजूत उलटी ठरते. गाडी गियरमध्ये असताना पाय उचलला की संगणक इंधन पूर्ण बंद करतो. इंजिन चाकांच्या ओढीने फिरत राहते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल चालूच ठेवावे लागते. शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो, सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापून निकामी होतात. घाटातल्या अपघातांचे हे एक जुने कारण आहे. कोणताही मोड ही चूक झाकू शकत नाही.

कामगिरी आणि चार चाकांचे मोड

भरल्या गाडीने ओव्हरटेक करताना, उभ्या चढावर गाडी उठवताना किंवा शेतातून रस्त्यावर चढताना नॉर्मल वा पॉवर मोड हवा. तेथे चार पैसे वाचवण्यात अर्थ नाही, कारण अर्धवट जोराने चढणारी गाडी क्लच घासते आणि एक क्लचप्लेट बदलण्याचा खर्च कित्येक दिवसांची बचत खातो.

टोयोटा हायलक्स जानेवारी २०२२ मध्ये भारतात आली. तिच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाला इको आणि पॉवर अशी दोन बटणे आहेत. दोन्ही बंद असली की नॉर्मल. हेच इंजिन मॅन्युअल गियरबॉक्सबरोबर ४२० आणि ऑटोमॅटिकबरोबर ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. एवढा जोर असलेल्या गाडीत इकोमध्येही रोजचे काम अडत नाही. दीड लिटर इंजिनाच्या छोट्या पिकअपमध्ये तोच मऊपणा भरल्या हौद्याला जाणवतो.

याच गाडीत दोन चाके, चार चाके आणि चार चाके-लो असे निवडण्याचा वेगळा खटका आहे. त्यालाही लोक मोडच म्हणतात, पण त्याचे काम निराळे. चारही चाकांना ओढ दिली की फिरणारे भाग वाढतात आणि डिझेलही. या प्रकारात पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी घट्ट जोडला जात असल्याने कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना टायर घासतात आणि गियरवर ताण येतो. चिखल, वाळू, ओली चढण संपली की खटका परत दोन चाकांवर आणायचा असतो. लो गियर रेंजचा हेतू तर ॲव्हरेजशी जुळतच नाही. तो अडकलेली गाडी हळू आणि ताकदीने बाहेर काढण्यासाठी आहे.

मोजमाप

कंपनीचा ॲव्हरेज प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांच्या चक्रात मोजतात. भारतात या चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही प्रमुख. हलक्या गाड्यांसाठी वापरले जाणारे भारतीय चक्र १,१८० सेकंदांचे असून त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. त्यात ना कसारा आहे, ना क्रेटनी भरलेला हौदा. स्वतःच्या गाडीतला फरक पाहायचा तर टाकी फुल करून, तीच फेरी, तोच माल आणि तोच ड्रायव्हर ठेवून दोन-तीन आठवडे एक मोड आणि नंतर तितकेच दिवस दुसरा मोड वापरावा लागतो. एका फेरीवरून काढलेला निष्कर्ष वारा, वाहतूक आणि टायरमधली हवा बिघडवते. पडद्यावर दिसणारा ॲव्हरेज हा संगणकाचा अंदाज असतो. पंपावरची पावती अधिक भरवशाची.

विजेवरील पिकअप

बॅटरीच्या पिकअपमध्ये मोडचा अर्थ थोडा बदलतो. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या अमेरिकेतील रिव्हियन आर-१-टी या पिकअपच्या चार मोटरींच्या प्रकारात ‘कन्झर्व्ह’ मोड लावला की गाडी फक्त पुढच्या चाकांच्या मोटरींवर चालते. म्हणजे येथे पेडलचा तक्ताच नव्हे, यंत्रणेचा एक भागच कामातून बाजूला होतो. ब्रेकमध्ये जळणारे ते तीन रुपयेही पूर्ण जात नाहीत, कारण वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी चालून त्यातला काही भाग बॅटरीत परत भरते. घाट चढताना घेतलेल्या विजेचा थोडा हिस्सा उतरताना परत मिळतो. डिझेलच्या पिकअपला हे कोणत्याही मोडमध्ये जमत नाही.