सोसायटीच्या बिलातलं ‘सेवा शुल्क’: दहा टक्के नेमके कशाचे?

घर भाड्याने दिलं की सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः राहत नसल्याबद्दलचा जादा आकार, लावते आणि ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच लावता येतं. पण सेवा शुल्क म्हणजे काय, यावरच घोळ आहे. दरमहा येणाऱ्या बिलाला सगळे सरसकट ‘मेंटेनन्स’ म्हणतात. सोसायटीच्या नियमावलीत, म्हणजे उपविधींमध्ये, मात्र प्रत्येक आकारणीचं शीर्ष वेगळं आहे आणि वाटपाची रीतही वेगळी. मालमत्ता कर महापालिका ठरवेल तसा. पाणीपट्टी घरातल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून. माणसं मोजून नव्हे. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव पुंजी) किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत सोडून. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांवर सारखा, तळमजल्यावरचा सभासद लिफ्टमध्ये पाय ठेवत नसला तरी. सेवा शुल्क हा यातला फक्त एक रकाना: पहारेकरी, लिफ्टमन आणि कार्यालयीन नोकरांचे पगार, जिन्यातली वीज, स्टेशनरी, लेखापरीक्षण फी, वकिलाची फी, सभांचा खर्च, गृहनिर्माण संस्थांच्या महासंघाची वर्गणी. हा सर्व सदनिकांवर समान.

मुंबईत गावदेवीला १९१५ साली पहिली सोसायटी उभी राहिली तेव्हा असले रकाने पाडायची गरज नव्हती. पण एक गाठ बरीच जुनी आहे. ‘भाडेकरू सहभागीदारी’ प्रकारच्या संस्थेत जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची असते. सभासदाला मिळतो तो भोगवट्याचा हक्क. घर दुसऱ्याला वापरायला दिलं की संस्था जादा आकार मागणार, या विचाराचं मूळ तिथे आहे. त्यातूनच बिनभोगवटा शुल्क आलं. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमानंतरही त्याची रक्कम ज्याची त्याची सोसायटी ठरवत राहिली. कुणी क्षेत्रफळावर लावलं, कुणी थेट भाड्यात वाटा मागितला.

१ ऑगस्ट २००१ रोजी महाराष्ट्र शासनाने याच अधिनियमाच्या कलम ७९अ खाली आदेश काढला: बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, महापालिका/नगरपालिका कर वगळून. दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीने तो न्यायालयात नेला. किती आकारायचं हे सर्वसाधारण सभा ठरवेल, शासन कोण, असा मुद्दा होता. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला. निकाल योग्यच वाटतो, कारण भाड्याने दिलेली घरं मोजकी असली की बाकीचे सभासद बहुमताने हवा तो आकडा लादू शकतात.

घोळ झाला तो ‘कर वगळून’ या दोन शब्दांनी. समजा १२ लाख बांधकाम खर्चाच्या सदनिकेचं बिल ४,२०० रुपये आहे: मालमत्ता कर ९००, पाणी ४००, दुरुस्ती निधी ७५०, सिंकिंग फंड २५०, पार्किंग ४००, सेवा शुल्क १,५००. काही समित्या सरळ ४२० लावतात. काही जण करापुरते ९०० वजा करून ३३० लावतात आणि आपण नियम पाळला असं समजतात. बरोबर आकडा १५० आहे, सेवा शुल्काच्या १,५०० चे दहा टक्के. सदनिकेचा कर सेवा शुल्कात मुळात नसतोच, मग वगळायचा कुठून, हा प्रश्न रास्त. उत्तर उपविधींतल्या त्या रकान्याच्या यादीतच आहे: सोसायटीच्या कार्यालयाचा कर, वीज आणि पाणी सेवा शुल्कात धरलं जातं. वगळायचा तो हा कर. त्यामुळे १५० मधूनही दोनचार रुपये उतरतील, वर जाणार नाहीत. आईवडील, मुलगा, विवाहित मुलगी किंवा नातवंडं राहत असतील, किंवा घर नुसतं कुलूपबंद असेल, तर बिनभोगवटा शुल्क लागतच नाही.

बिलात ‘मेंटेनन्स’ म्हणून एकच ठोक रक्कम छापली असेल तर ही आकडेमोड करताच येत नाही. थकबाकीवर व्याज लावलंय (उपविधींनुसार कमाल २१ टक्के, सरळव्याज) आणि वसुलीच्या दाखल्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज केलाय, अशा वेळी समितीची अडचण होते ती इथेच. जीएसटीनेही २०१८ पासून हाच प्रश्न नव्याने आणला. आकारणी सभासदामागे दरमहा ७,५०० रुपयांच्या वर आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर, अशा दोन्ही अटी पूर्ण झाल्या की कर लागतो. संस्था महापालिकेच्या वतीने गोळा करून तसाच भरते तो मालमत्ता कर त्या ७,५०० मध्ये येत नाही. म्हणजे पुन्हा रकाने वेगळे दाखवावेच लागतात.

समान वाटपावरून मोठ्या-छोट्या घरांचं भांडण मात्र मिटलेलं नाही. पहारेकरी दोन बेडरूमच्या घराला जास्त राखत नाही, हा सोसायट्यांच्या बाजूचा युक्तिवाद न्यायालयात टिकला आहे. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतींना तो लागू नाही: तिथे खर्च घोषणापत्रात (इमारतीच्या नोंदणीचा दस्त) नोंदलेल्या, सामायिक मालमत्तेतल्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटायचा, म्हणजे मोठ्या घराला जास्त. पुण्यातल्या एका संकुलाच्या वादात २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हेच धरलं. दारावरच्या पाटीत दोन्हीकडे ‘सोसायटी’च लिहिलेलं असतं. तेव्हा बिलावर हरकत घेण्याआधी नोंदणीचा कागद काढून पाहावा: सहकारी संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आहे, की अपार्टमेंटचं घोषणापत्र.