टिटवीची चार अंडी आणि कड्यावरचं एक

उन्हाळा आला की आमच्याकडे एक बातमी ठरलेली: टिटवीनं चार अंडी घातली, म्हणजे चारही महिने पाऊस. यंदा नागपूरजवळच्या बेसाकडच्या एका ले-आउटमधल्या गिट्टीवरच्या अंड्यांचा फोटो ग्रुपवर फिरला. त्याच दिवशी भाच्यानं स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरून व्हिडिओ पाठवला. मी कूलरसमोर घामाघूम, आणि तो मे महिन्यात दोन स्वेटर घालून छोट्या शिडाच्या बोटीतून नॉस बेटाला वळसा घालत होता. तिथला सगळ्यात उंच कडा १८१ मीटरचा. त्याच्या आडोशाला वारा पडला, शीड लुळं झालं आणि कड्यावर आपटून परतणाऱ्या लाटांवर बोट नुसती हिंदकळत राहिली. वर प्रत्येक कपारीत गिलेमॉट नावाचे समुद्रपक्षी खेटून उभे. "मामा, फोनमधून वास येत नाही म्हणून वाचलात!"

गिलेमॉट घरटं बांधत नाही. मादी उघड्या खडकावर एकच अंडं घालते. वजन साधारण ११० ग्रॅम, कोंबडीच्या अंड्याच्या जवळपास दुप्पट, आणि एका बाजूला चांगलंच निमुळतं. मग ते खाली का पडत नाही?

आम्हाला शाळेत सांगितलं होतं की असं अंडं घरंगळलं तरी गोल फिरून जागेवर येतं. पटतंही. फुटाण्याचा रिकामा कोन टेबलावर ढकलून बघा, स्वतःच्या टोकाभोवती चक्कर मारतो. पण हा खेळ छान जमायचा तो फुंकून रिकाम्या केलेल्या कवचांवर आणि प्लास्टरच्या नकलांवर. भरलेलं खरं अंडं एवढ्या लहान जागेत वळत नाही. फेरा पुरा होईस्तोवर कपार संपते.

पक्षीशास्त्रज्ञ टिम बर्कहेड आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रश्नच बदलला. घरंगळल्यावर काय होतं ते राहू द्या. मुळात अंडं उतारावर थांबतं का? जितकं निमुळतं, तितकं ते जास्त टिकलं. कारण गंमतशीर आहे. लिंबू ताटाला जेमतेम एका ठिपक्यावर टेकतं. ताट जरासं कललं की वजनाची सरळ खाली येणारी रेघ त्या ठिपक्याबाहेर जाते आणि लिंबू सुटतं. निमुळत्या अंड्याची कूस मात्र जवळपास सरळ असते. ते आडवं पडलं की लांबीभर टेकतं. ही लांबी उताराच्या दिशेनं आली, तर वजनाची रेघ टेकलेल्या भागाबाहेर जायला ताट बरंच जास्त कलवावं लागतं. त्यात खडक खडबडीत, म्हणजे घसरायचीही सोय नाही. लिंबू आणि गाजर घेऊन करून बघा. फक्त गाजर उताराला आडवं ठेवू नका, नाहीतर मला दोष द्याल.

टिटवीचं अंडंही निमुळतंच, पण तिथे हिशेब वेगळा. चारही टोकं आत वळवली की अंडी दाटीनं बसतात आणि आईच्या पोटाखाली मावतात. एकुलत्या अंड्याला हे कारण लागूच पडत नाही. आणि टिटवी सहसा चारच अंडी घालते, दुष्काळातही. आता करा पावसाचा अंदाज!

भाच्याला अजून जवळ जायचं होतं. नावाड्यानं साफ नकार दिला. पक्षी दचकून एकदम उडाले की त्यांच्याच पायांचा धक्का लागून अंडी समुद्रात जातात, तिथे आकाराचं काही चालत नाही. मग वारा येईपर्यंत दोघांनी वल्ही मारली, कड्यापासून दूर.