बॉर्डर घेण्याआधी: व्हिक्टोरियन किनारीविषयी थोडं

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक बहुधा आधी डिझाइन पसंत करतं. बॉर्डर, म्हणजे वॉलपेपरची अरुंद छापील पट्टी, भिंतीवर नेमकी कुठे लावायची, हे कारागीर घरी आल्यावर ठरतं. व्हिक्टोरियन, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, धाटणीची बॉर्डर घेणार असाल तर हा क्रम उलटा करा. कारण ती जिथून आली त्या इंग्लंडमध्ये तिची जागा आधी ठरलेली असायची.

मुळात बॉर्डर ही गरज होती. व्हिक्टोरिया राणीच्या आधीच्या शतकात श्रीमंत घरांतला भिंतीचा कागद, म्हणजे वॉलपेपर, पुष्कळदा लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडावर चिकटवत आणि कडेने बारीक चुका ठोकत. त्या चुका आणि कागदाची कातरलेली कड झाकायला वरून एक अरुंद छापील पट्टी लावत, तीच बॉर्डर. (आजही ती चुका झाकायलाच वापरतात, फक्त त्या गवंड्याच्या असतात.) एकाच कागदावर अशा अनेक पट्ट्या शेजारी शेजारी छापलेल्या असत आणि नंतर लांबीत कापून सुट्या करत.

तेव्हा वॉलपेपर महाग होता. लाकडी ठशांनी हाताने छापायचा आणि वर सरकारी कर. १७१२ साली बसलेला हा कर १८३६ मध्ये उठला. १८३९ मध्ये लँकेशरमधल्या डार्वेनच्या पॉटर या वॉलपेपर बनवणाऱ्या मंडळींनी फिरत्या रुळांनी छपाई करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८३४ साली ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे १० लाख गुंडाळ्या निघत, त्या १८६० पर्यंत ९० लाखांच्या घरात गेल्या. कागद साध्या घरांतही पोचला आणि त्याच्याबरोबर बॉर्डरही.

आज ज्याला आपण ‘व्हिक्टोरियन भिंत’ म्हणतो ती १८७० आणि ८० च्या दशकांतली. भिंतीचे आडवे तीन भाग: खाली साधारण तीन फुटांपर्यंत डॅडो, मध्ये मोठा पट्टा, वर छताखाली फ्रीझ. दोन भाग भेटतात तिथे लाकडी पट्टी किंवा कागदी बॉर्डर. वॉल्टर क्रेन या चित्रकाराने जेफ्री अँड कंपनी या वॉलपेपर बनवणाऱ्यांसाठी तिन्ही भागांचा एकत्र संच काढला, तो १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात मांडला होता. डॅडोला व्यवहारी कारणही होतं. खुर्च्यांच्या पाठी, येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात हे सगळं त्याच उंचीवर घासतं. म्हणून जिने आणि प्रवेशाच्या खोलीत खालच्या भागाला लिंक्रस्टा लावत. जवसाच्या तेलापासून केलेलं हे उठावदार नक्षीचं, पुसता येणारं आवरण फ्रेडरिक वॉल्टनने १८७७ मध्ये आणलं. फरशीवर अंथरायचं लिनोलियमही त्याचंच.

पण ती घरं उंच छतांची होती. आपल्या नऊ-साडेनऊ फुटांच्या फ्लॅटमध्ये तिन्ही भाग केले तर भिंत बुटकी दिसते, खोली पेटीसारखी वाटते. आमचं स्पष्ट मत: एकच आडवी रेघ घ्या. बैठकीच्या खोलीत तीन फुटांवर, झोपायच्या खोलीत वर. विक्री कमी होते, पण खोली बरी दिसते.

काही जण परदेशातून जुनी, अस्सल पट्टी आणतात. त्या काळच्या झगझगीत हिरव्या रंगांत तांबं आणि आर्सेनिक असे, त्यामुळे तशी पट्टी घासू नका, खरवडू नका. काचेच्या फ्रेममध्ये ठेवली तर उत्तम. भिंतीवर मात्र नवीनच लावा.

आता हिशेब. खोली १२ × १४ फूट असेल तर घेर ५२ फूट, म्हणजे जवळजवळ १६ मीटर. आमची गुंडाळी ५ मीटरची. डॅडोच्या उंचीवर दाराचे तीन-साडेतीन फूट वजा केले की “तीनात भागेल” असं वाटतं. नाही भागत. प्रत्येक जोडाला नक्षी जुळवताना थोडी पट्टी वाया जाते. चार घ्या, आणि चारही गुंडाळ्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते आमच्यासमोरच पाहा. वेगळ्या बॅचचा मरून शेजारी लावला की लगेच ओळखू येतो.

लावताना भिंत कोरडी हवी. ओल असेल, पोपडे सुटत असतील तर आधी ते काम करून घ्या. पावसाळ्यात आम्ही स्वतःहून तारीख देत नाही. कारागिराला पाण्याच्या नळीने लेव्हल काढून पेन्सिलची रेघ मारायला सांगा. छताच्या कडेवर विसंबू नका, ती क्वचितच सरळ असते. म्हणूनच वरची बॉर्डर छताला भिडवण्यापेक्षा थोडी खाली घ्यावी, म्हणजे वाकडेपणा डोळ्यांत भरत नाही. खाली व्हायनिलचा वॉलपेपर असेल तर साधी खळ धरत नाही, बॉर्डरसाठीचा वेगळा गोंद लागतो. तो मागायला विसरू नका, आम्हीही कधी कधी द्यायचा विसरतो.

न उघडलेली गुंडाळी आम्ही परत घेतो. कापलेली नाही.