बेळगावचं ऊन: दुष्काळापासून डी व्हिटॅमिनच्या रिपोर्टपर्यंत

आजकाल बेळगाव, निपाणी, चिक्कोडी कुठंही बघा, कंबर दुखते म्हणून डॉक्टरकडं गेलं की डी व्हिटॅमिनची टेस्ट लिहून मिळते, बऱ्याच जणांचं कमी निघतं आणि घरात पहिला प्रश्न हाच, की ऊन लागून कातडीत बनणारं हे व्हिटॅमिन, एवढं ऊन पडतंय इथं, मग कमी कसं? प्रश्न अगदी बरोबर आहे. पण उत्तरासाठी बरंच मागं जायला लागतं, कारण चांगल्या-वाईट गोष्टींचं खापर थेट सूर्यावर फोडायची सवय जुनी आहे, आणि दरवेळी शोधत गेल्यावर कारण सूर्यात नाही, सूर्याच्या आणि आपल्या मधे सापडलंय.

दुष्काळाचंच घ्या. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ, त्यात मुंबई इलाख्यातले बेळगाव, धारवाड, कलादगी (म्हणजे आताचं विजापूर-बागलकोट) हे जिल्हे पार होरपळले. तेव्हा इंग्लंडात एक कल्पना जोरात होती. सूर्यावरचे काळे डाग साधारण 11 वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि घटतात, हे श्वाबे नावाच्या जर्मन माणसानं 1843 मध्ये दाखवून दिलं होतं (त्याचा अंदाज साधारण 10 वर्षांचा होता), त्यावरून काही जणांनी गणित मांडलं की डाग कमी झाले की पाऊस कमी आणि पाऊस कमी म्हणजे दुष्काळ. नॉर्मन लॉकयर हा खगोलशास्त्रज्ञ आणि विल्यम हंटर हा सरकारी आकडेवारीवाला, दोघांनी मिळून 1877 मध्ये यावर लेख लिहिला. इकडं माणसं-जनावरं मरत होती, देशातून धान्य बाहेर जातच होतं, आणि कारण सापडलं ते कुठं तर सूर्यावर! सरकारला हे सोयीचंच होतं म्हणा.

पण त्या कल्पनेतून काही चांगलंही निघालं. कोडाईकनालची सौर वेधशाळा 1899 मध्ये उभी राहिली, त्यामागं सूर्य आणि मान्सूनचा संबंध शोधायचा हेतू होता. नंतर 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याचे प्रमुख झाले, त्यांनी जगभरचे आकडे ताडून बघितले तर डागांचा आणि पावसाचा म्हणावा तसा मेळ बसेना, त्याऐवजी पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यावरच्या हवेच्या दाबाचा झोका सापडला, त्याचीच दुसरी बाजू म्हणजे आज आपण पेपरात वाचतो तो एल निनो (पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं, ज्यानं आपला पाऊस बऱ्याचदा घटतो). 1877 चा एल निनो फार जोरदार होता हे आता माहिती आहे. आणि त्या 11 वर्षांच्या फेऱ्यात सूर्याच्या तेजात फरक पडतो तो जेमतेम 0.1 टक्का.

आपल्या जिल्ह्यात तर हे पुस्तक न उघडता कळतं. खानापूरकडं कणकुंबी-जांबोटीच्या घाटात पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडं ढग नुसते वरून जातात. सूर्य दोन्हीकडं तोच, मधे सह्याद्री आडवा आहे एवढंच. बेळगाव शहरावर सूर्य वर्षात दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. मे महिन्यात सावली पायाखाली गेलेली दिसते, ऑगस्टात बहुतेक वेळा ढगच असतात त्यामुळं कुणाला पत्ताही लागत नाही.

घड्याळाचीही एक गंमत आहे. भारताची प्रमाणवेळ 1906 पासून, ती 82.5 अंश रेखांशाची, आणि बेळगाव आहे साधारण 74.5 वर, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या 32 मिनिटं मागं. मे महिन्यात खरी दुपार साडेबाराच्या सुमारास होते आणि उन्हाचा चटका तीन वाजले तरी उतरत नाही. मुंबई शहरानं आपली वेगळी मुंबई वेळ 1955 पर्यंत धरून ठेवली होती, ती बेळगावच्या सूर्याला फक्त सातेक मिनिटांचा फरक ठेवून चालायची. घड्याळ काहीही म्हणो, शेतातली माणसं पहाटे कामाला लागून ऊन चढायच्या आत घरी यायची, आणि बायका वाळवणं घालायच्या, कुरडया, सांडगे, पापड, संकेश्वरी मिरची. निपाणीकडची विडीची तंबाखू तर उन्हावरच तयार होते. उलट अथणीकडं द्राक्षाचा बेदाणा करतात तो शेडमध्ये, सावलीत, थेट ऊन लागलं तर रंग जातो. उन्हाचं काम कुठं आणि सावलीचं कुठं हे लोकांना नीट माहिती होतं.

आता मूळ मुद्दा, मुडदूस, म्हणजे डी व्हिटॅमिन कमी पडून पोरांना होणारा हाडांचा आजार. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या धुरकट गिरणी-शहरांत पोरांची हाडं मऊ पडून पाय वाकायचे. थिओबाल्ड पाम नावाच्या डॉक्टरनं 1890 मध्ये लिहिलं की ऊन असलेल्या देशांत हा आजार फारसा दिसत नाही, पण तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. 1919 मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्कीनं अतिनील (उन्हातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या) दिव्याखाली मुडदुसाची पोरं बरी केली, त्याच वर्षी इंग्लंडात मेलनबीनं कुत्र्याच्या पिल्लांवर कॉड माशाच्या तेलाचा गुण दाखवला, 1922 मध्ये अमेरिकेत मॅकॉलमनं त्या तेलातला हा गुण वेगळ्या व्हिटॅमिनचा आहे हे सिद्ध केलं, त्यालाच पुढं डी नाव मिळालं, आणि 1928 मध्ये विंडाउसला यातल्या रसायनाच्या कामासाठी नोबेल. नऊ-दहा वर्षांत सगळा उलगडा झाला म्हणा की.

यात आपल्या जवळचा धागा म्हणजे नाशिक. हचिसन आणि शाह या दोघांनी तिथं मुडदुसाचा अभ्यास करून 1922 मध्ये छापला, नाशिक आणि बेळगाव तेव्हा एकाच मुंबई इलाख्यात. त्यांना दिसलं की पडद्यात, घरात कोंडलेल्या खात्यापित्या घरच्या बायका-पोरांना मुडदूस आणि हाडं मऊ पडायचा आजार जास्त, आणि गरिबाघरची, दिवसभर बाहेर राबणारी, खायला कमी असलेली माणसं त्यातून वाचलेली. आपल्याकडं बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत शेगडी-धुरी घेऊन दार लावून ठेवायची पद्धत आठवा, म्हणजे कळेल ते कशाबद्दल बोलत होते.

लोकांचा एक गैरसमज इथं काढायला पाहिजे. रथसप्तमीला सूर्याकडं तोंड करून दूध उतू घालतो, बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरतो, औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले, हे सगळं चांगलंच आहे. पण कोवळ्या उन्हात डी व्हिटॅमिन बनवणारे अतिनील किरण अगदी कमी असतात, सूर्य तिरका असला की ते हवेतच अडतात. सोपी खूण अशी, की तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ते बऱ्यापैकी मिळतात. बेळगावात डिसेंबरातसुद्धा भरदुपारी सूर्य 50 अंशांवर असतो, बर्लिनला 14 वर. म्हणजे ऊन कमी नाही, आपणच दहा ते पाच काचेच्या आत (खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत), बाहेर पडलो तर स्कार्फ, हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. उसाच्या फडात राबणाऱ्याला मात्र हे सांगायला जाऊ नका, त्याची काळजी उष्माघाताची आहे, त्याला सावली आणि पाणी पाहिजे.

आणि रिपोर्टमधला तो कमी शब्दही कोण आखतो त्यावर आहे. 2010 च्या सुमारास अमेरिकेत एका संस्थेनं रक्ताच्या एका मिलिलिटरमागं 20 नॅनोग्रॅम पुरे म्हटलं, 2011 मध्ये तिथल्याच एन्डोक्राइन सोसायटीनं (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) 30 पाहिजे म्हटलं, आणि या दोन आकड्यांच्या मधे असलेली माणसं एका हिशोबानं बरी तर दुसऱ्या हिशोबानं कमतरतेतली. 2024 मध्ये त्याच सोसायटीनं 30 चा आग्रह सोडला आणि धडधाकट माणसाची सरसकट टेस्ट करू नका असंही सांगितलं. तरी मेडिकलमधून 60,000 युनिटची पाकिटं आपल्या मनानं आणून महिनोन्महिने घेणारे दिसतातच, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो, तेव्हा किती आणि किती दिवस घ्यायचं ते डॉक्टरला विचारूनच.